रग्बीतील लाल कार्डावर वाद घालायचा तर प्रश्नांचा क्रम पाळावा लागतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडण्याचे प्रसंग, पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात, दोन्हींत डोक्यावर डोके आदळते, तरीही एक खेळाडू उरलेल्या सामन्याला मुकतो आणि दुसऱ्याविरुद्ध साधी पेनल्टीही दिली जात नाही. ज्याने मुद्दाम काहीच केलेले नाही असा खेळाडूही बाहेर जातो. मग हे निर्णय नियमाने होतात की पंचाच्या मर्जीने? २०२३ च्या विश्वचषकातील इंग्लंडचा टॉम करी आणि दक्षिण आफ्रिकेचा जेसी क्रील यांची उदाहरणे आपण दिली आहेत आणि विसंगतीचा आरोप केला आहे. मी बरीच वर्षे रग्बी युनियनमध्ये पंचगिरी केली, आणि आता नव्या पंचांच्या कामाचे परीक्षण करतो. विसंगती अजिबात नसते असे मी म्हणणार नाही. मात्र यातले बहुतेक वाद भलत्याच प्रश्नावर घातले जातात, असे माझे ठाम मत आहे. पंचाला ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने सोडवावे लागतात. आपण बाहेर बसून त्याला चूक ठरवतो तेव्हा त्या क्रमातल्या नेमक्या कोणत्या पायरीवर तो चुकला, हे दाखवता आले पाहिजे.

मुळात नियम काय आहे ते आधी पाहू. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियमपुस्तिकेतील नववा नियम संपूर्णपणे फाउल प्लेविषयी आहे. प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणे, जाणूनबुजून किंवा वारंवार नियम मोडणे, धोकादायक खेळ करणे आणि खिलाडूवृत्तीला न शोभणारे वर्तन करणे, हे सगळे त्यात येते. ९.११ हे कलम सर्वांत व्यापक आहे: इतरांना धोका पोहोचेल असे किंवा बेपर्वाईचे काहीही खेळाडूने करता कामा नये. ९.१३ मध्ये वेळेआधी, वेळेनंतर किंवा धोकादायक रीतीने केलेला टॅकल येतो. टॅकलची सुरुवात खांद्यांच्या रेषेखाली झाली आणि हात नंतर वर सरकला, तरी तो उंच टॅकलच ठरतो, हेही तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. पुष्कळ प्रेक्षक इथेच पहिल्यांदा अडखळतात. ‘सुरुवात तर छातीवर झाली होती’ हे वाक्य बचाव म्हणून वारंवार ऐकू येते, पण त्याने गुन्हा पुसला जात नाही. शिक्षा किती द्यायची, एवढ्यापुरतेच ते कामाला येऊ शकते.

आता डोक्याला लागलेल्या धक्क्यांकडे येतो, कारण सध्याचे नव्वद टक्के तापलेले वाद याच जागी होतात असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. २०१९ मध्ये उंच टॅकलसाठी शिक्षेची चौकट आली आणि २०२१ मध्ये तिची जागा ‘हेड कॉन्टॅक्ट प्रोसेस’ने घेतली. या प्रक्रियेत पंचाला एकामागून एक चार प्रश्न विचारायचे असतात. डोक्याला किंवा मानेला स्पर्श झाला का? झाला असेल, तर त्यात फाउल प्ले होते का? असेल, तर धोक्याची पातळी किती होती? आणि शेवटी, शिक्षा एका पायरीने खाली आणावी असे काही सौम्य करणारे कारण आहे का?

दुसरा प्रश्न लोक नेहमी गाळतात. डोक्याला डोके लागले म्हणजे फाउल झालेच असे नाही. टॅकल करणारा योग्य उंचीवर, वाकलेला आणि सावध असेल आणि धडक त्याच्या हातात नसलेल्या कारणाने झाली असेल, तर तिथे पेनल्टीसुद्धा नाही. तो रग्बीतला अपघात आहे. उलट तो ताठ उभा असेल, वेगाने आला असेल, समोरच्याला हातांनी कवेत घेण्याचा प्रयत्नच केलेला नसेल आणि खाली वाकायला त्याला वेळ व जागा दोन्ही मिळाली असेल, तर फाउल ठरले आणि मग धोक्याची पातळी मोजायची. पातळी मोजताना धक्का थेट डोक्यावर बसला की आधी खांद्याला लागून वर सरकला, जोर किती होता, टॅकल करणाऱ्याचा स्वतःच्या शरीरावर ताबा होता का आणि प्रसंग सहज टाळता आला असता का, हे पाहिले जाते. पातळी उच्च असेल तर सुरुवात लाल कार्डापासून होते, नसेल तर पिवळ्यापासून (दहा मिनिटे मैदानाबाहेर) किंवा पेनल्टीपासून.

यानंतरच चौथा प्रश्न येतो. चेंडू हातात असलेला खेळाडू अचानक आणि बराच खाली गेला का, टॅकल करणाऱ्याला तो उशिरा दिसला का, दुसऱ्या कुणाच्या धक्क्याने दिशा बदलली का, हे इथे तपासले जाते. या कारणांनी शिक्षा एकच पायरी खाली येते. लाल कार्डाचे पिवळे होऊ शकते, लाल कार्डाची नुसती पेनल्टी होत नाही. आणि मुद्दाम केलेल्या किंवा सुरुवातीपासूनच नियमबाह्य असलेल्या कृतीला ही सवलत मिळतच नाही. हात न गुंडाळता खांदा पुढे करून दिलेली धडक हे त्याचे ठळक उदाहरण. समोरचा वाकला असो वा नसो, तो टॅकल कोणत्याही उंचीवर बेकायदेशीरच असतो.

हा क्रम समोर ठेवून आपले उदाहरण पाहू. ९ सप्टेंबर २०२३ रोजी मार्सेय येथे इंग्लंड–अर्जेंटिना सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला करीचे डोके हुआन क्रूस माय्या याच्या चेहऱ्यावर आदळले. आधी पिवळे कार्ड दाखवून प्रकरण बंकरकडे, म्हणजे मैदानाबाहेर बसलेल्या फाउल प्ले तपासनिसाकडे, पाठवण्यात आले आणि तिथे त्याचे लाल झाले. माय्या उंच आलेला चेंडू झेलून नुकताच जमिनीवर उतरत होता, हे इंग्लंडच्या बाजूने पुष्कळांनी सांगितले. पण करी ताठ होता आणि धक्का थेट डोक्यावर होता. समोरचा हवेतून खाली येत आहे हे टॅकल करणाऱ्याला दिसत असते, म्हणून त्याचे उतरणे हा अनपेक्षित बदल मानता येत नाही. माझ्या मते पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तिथे स्वच्छ होती आणि चौथ्याचे उत्तर नकारार्थी देणे योग्य होते. चौदा खेळाडूंनिशी इंग्लंडने तो सामना २७–१० असा जिंकला आणि सर्व २७ गुण जॉर्ज फोर्डच्या बुटातून आले, पण निकालाचा कार्डाच्या बरोबर-चूक असण्याशी काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिका–स्कॉटलंड सामन्यात सुरुवातीलाच क्रील आणि जॅक डेम्प्सी यांची डोकी एकमेकांवर आदळली. पंचाने खेळ थांबवला नाही, टीएमओने, म्हणजे पडद्यावर पुनर्दृश्ये पाहणाऱ्या पंचाने, हस्तक्षेप केला नाही आणि नंतर सायटिंगही, म्हणजे प्रसंग शिस्तपालन समितीपुढे नेणेही, झाले नाही. लोकांनी दोन चित्रे शेजारी ठेवून विचारले, ‘त्याला लाल, मग याला का नाही?’ हा प्रश्न साहजिक असला तरी नेमका नाही. करीच्या बाबतीत प्रश्न विचारले गेले आणि त्यांचा निकाल सर्वांसमोर आला. क्रीलच्या बाबतीत प्रश्न विचारले गेले की नाही, हेच प्रेक्षकाला कधी समजले नाही. म्हणून तिथे खरी तक्रार ‘निर्णय चुकला’ अशी नसून ‘तपासणी झाल्याचे दिसले नाही’ अशी असायला हवी होती. या दोन तक्रारींत फार अंतर आहे. पहिलीत पंचाच्या आकलनावर बोट ठेवले जाते, तर दुसरीत यंत्रणेच्या पारदर्शकतेवर.

तुलना करायचीच असेल तर एकाच सामन्यातील, एकाच पंचाच्या आणि एकाच बंकरच्या दोन प्रसंगांची करावी. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला झालेल्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याने जेसी क्रीलला केलेल्या टॅकलबद्दल त्याला आधी पिवळे कार्ड मिळाले आणि बंकरने त्याचे लाल केले. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील ते पहिले लाल कार्ड. उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचे डोके आर्डी सेव्हिआला लागले. तेही प्रकरण बंकरकडे गेले, मात्र कार्ड पिवळेच राहिले. सामना दक्षिण आफ्रिकेने १२–११ असा एका गुणाने जिंकल्याने या दोन कार्डांवरील चर्चा आजही शमलेली नाही. फाउल दोन्हींत मानले गेले, म्हणजे दुसऱ्या प्रश्नापर्यंत दोन्ही प्रसंग बरोबरीने आले. फरक पुढे पडला. केन ताठ होता, क्रीलवर थेट आणि जोरात आदळला. कोलिसीच्या प्रसंगात धोका लाल कार्डाइतका धरला गेला नाही. यावर जाणकारांचे मतभेद असू शकतात आणि आहेतही, परंतु मतभेदाची जागा आता ठरली: जोर आणि थेटपणा यांची मोजणी. ‘दोन्ही कर्णधार, दोन्ही डोक्याला लागले, मग शिक्षा वेगळी का’ असे म्हणण्याने ती मोजणी होत नाही.

आता हेतूचा प्रश्न. ‘त्याने मुद्दाम केले नाही’ हे वाक्य मी मैदानाच्या कडेला जितक्या वेळा ऐकले आहे, तितके दुसरे कोणतेच ऐकले नसेल. ते बहुतेक वेळा खरेही असते. पण धोकादायक खेळाच्या नियमाला हेतूची गरज नाही, बेपर्वाई पुरेशी आहे. खेळाडूने धोका ओळखायला हवा होता आणि तरी कृती केली, इतके सिद्ध झाले की पुरे. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०११ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातले. १५ ऑक्टोबर रोजी ऑकलंडच्या ईडन पार्कवर वेल्सचा तरुण कर्णधार सॅम वॉरबर्टन याने फ्रान्सच्या व्हँसाँ क्लेर्कला उचलले, क्लेर्कचे पाय आडव्या रेषेच्या वर गेले आणि वॉरबर्टनने त्याला सोडून दिले. पंच अलाँ रोलां यांनी पहिल्या वीस मिनिटांच्या आतच लाल कार्ड दाखवले. वेल्स ९–८ असा हरला आणि एका देशाचे स्वप्न पंचाने मोडले, अशी हाकाटी झाली.

परंतु त्या कार्डाची मुळे मागे होती. २००५ मध्ये क्राइस्टचर्चला ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या दौऱ्यावरील संघाचा कर्णधार ब्रायन ओ’ड्रिस्कॉल पहिल्या कसोटीच्या प्रारंभीच न्यूझीलंडच्या टाना उमागा आणि केव्हन मिलामू यांच्या हातून जमिनीवर आपटला गेला. त्याचा खांदा निखळला, त्याचा दौरा संपला आणि कुणालाही कार्ड मिळाले नाही. उचलून आपटण्याच्या प्रकारांवरील चर्चेत त्या प्रसंगाचा दाखला सतत दिला जाऊ लागला. २००९ मध्ये तत्कालीन आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने (आताची वर्ल्ड रग्बी) पंचांना लेखी सूचना दिली: उचलून आपटण्याच्या प्रकारांत विचार लाल कार्डापासून सुरू करून खाली यावे, आणि खेळाडूचा हेतू काय असावा यावर निर्णय बेतू नये. रोलां यांनी ती सूचना तंतोतंत पाळली. त्या दिवशी पिवळे कार्ड देणे लोकप्रिय ठरले असते, पण ते चुकीचे ठरले असते. वॉरबर्टनने स्वतःही नंतर तो निर्णय योग्य असल्याचे मान्य केले. आज ९.१८ या कलमात हेच आहे: प्रतिस्पर्ध्याला उचलून त्याचे डोके किंवा शरीराचा वरचा भाग जमिनीवर आदळेल अशा रीतीने टाकायचे नाही.

हवेतल्या चेंडूसाठी होणाऱ्या झुंजीत हेतूचा मुद्दा आणखी अवघड होतो आणि तिथे माझी सहानुभूती खेळाडूकडे जास्त झुकते. ५ एप्रिल २०१४ रोजी हाइनेकेन चषक या युरोपीय क्लब स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात अल्स्टरचा जॅरेड पेन नजर चेंडूवरच ठेवून धावत होता. सॅरासन्सच्या ॲलेक्स गुडने आधी उडी मारली आणि पेन त्याच्या खाली गेला. गुड वाईट रीतीने पडला आणि चौथ्याच मिनिटाला पंच झेरोम गार्सेस यांनी पेनला बाहेर पाठवले. ‘त्याची नजर तर चेंडूवर होती’ असा युक्तिवाद तेव्हा झाला आणि आजही होतो. पण नजर चेंडूवर असणे म्हणजे आजूबाजूचे भान ठेवण्याच्या जबाबदारीतून सुटका नव्हे. चेंडू मिळण्याची खरी संधी होती का, दोघेही एकाच उंचीवर झुंजत होते का, हे पंचाला पाहायचे असते. पेनने उडी मारलीच नव्हती, म्हणून झुंज बरोबरीची नव्हती. तरीही मला इथे एक त्रुटी दिसते. या प्रकारात शिक्षा पुष्कळदा पडणारा खेळाडू कोणत्या अंगावर पडला यावरून ठरते: पायांवर उतरला तर पेनल्टी, पाठीवर किंवा कुशीवर पडला तर पिवळे, डोक्यावर किंवा मानेवर पडला तर लाल. कृती तीच असून परिणामाच्या योगायोगाने शिक्षा बदलते, याला जो आक्षेप घेतो त्याचा वाद मला रास्त वाटतो. मात्र तो वाद नियमाशी आहे, पंचाशी नाही.

हा भेद मी नव्या पंचांच्याच नव्हे तर प्रशिक्षकांच्याही मनावर ठसवण्याचा प्रयत्न करतो. पंचाच्या निर्णयावरील आक्षेप तीन जागी असू शकतो. एक, नियमच चुकीचा आहे. दोन, पंचाने पाहिले तेच चुकीचे होते. तीन, पाहिले बरोबर, नियमही ठीक, पण तोलताना चूक झाली. यातल्या तिसऱ्या जागी अनुभवी, निष्पक्ष माणसेही एकमेकांशी असहमत होतात. १८ मार्च २०२३ रोजी डब्लिनमध्ये इंग्लंडच्या फ्रेडी स्ट्यूअर्डचे कोपर आयर्लंडच्या ह्यूगो कीननच्या डोक्यावर लागले, तेव्हा पंच याको पेपर यांनी लाल कार्ड दिले. पुढे शिस्तपालन समितीने सौम्य करणारी कारणे मान्य करून ते पिवळे असायला हवे होते असा निर्णय दिला आणि कार्ड रद्द केले. दोघांनीही तेच नियम वापरले. समितीपुढे निवांत वेळ होता, खेळाडूचे म्हणणे होते, सगळे कोन होते. पेपर यांच्याजवळ काही मिनिटे होती. म्हणून समितीचा निर्णय वेगळा आला याचा अर्थ पंच अक्षम होता असा काढणे मला अन्यायाचे वाटते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ओवेन फॅरेलचे प्रकरण घडले आणि ते प्रत्येक वादप्रिय प्रेक्षकाने अभ्यासण्यासारखे आहे. १२ ऑगस्टला ट्विकनहॅम येथे वेल्सच्या टेन बॅशमवर केलेल्या टॅकलबद्दल त्याला पिवळे कार्ड मिळाले आणि बंकरने ते लाल केले. पहिल्या समितीने निकाल दिला की बॅशमची दिशा ऐनवेळी, शेजारच्या खेळाडूशी झालेल्या झटापटीमुळे बदलली, म्हणून सवलत मिळावी. लाल कार्ड रद्द झाले. वर्ल्ड रग्बीने स्वतः अपील केले. अपील समितीने म्हटले की फॅरेलने हात गुंडाळण्याचा प्रयत्न केला होता का हा मुद्दा पहिल्या समितीने विचारात घ्यायलाच हवा होता. तसा प्रयत्न नसल्याने टॅकल मुळातच नियमबाह्य होता आणि सवलतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. लाल कार्ड कायम झाले आणि चार सामन्यांची बंदी आली. इथे चित्रफीत कुणी बदलली नव्हती. पहिल्या समितीने दुसरी आणि तिसरी पायरी नीट न चढता चौथीवर पाय ठेवला, इतकेच. अनुभवी समितीचाही क्रम चुकतो, तर दिवाणखान्यात बसलेल्या प्रेक्षकाने आपला क्रम किती काळजीने तपासावा, हे सांगायला नको.

पुनर्दृश्यांबद्दल थोडे. संथ गतीत प्रत्येक धडक मुद्दाम केलेली वाटते, कारण टॅकल करणाऱ्याला प्रत्यक्षात नसलेला वेळ आपल्याला पडद्यावर दिसतो. म्हणून स्पर्श कुठे झाला हे संथ गतीत पाहावे, पण जोर आणि प्रतिक्रियेला मिळालेला वेळ मूळ वेगातच मोजावा. मी परीक्षण करताना हा आग्रह सोडत नाही. चित्रफीत आधी मूळ वेगाने, मग संथ, आणि निर्णयापूर्वी पुन्हा एकदा मूळ वेगाने पाहायची.

टीएमओने कुठवर जावे, यालाही मर्यादा आहेत आणि तिथले वाद वेगळ्या जातीचे असतात. २०२३ च्याच अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या ॲरन स्मिथचा ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) रद्द झाला, कारण त्याआधीच्या लाइनआउटमध्ये (बाजूरेषेवरून चेंडू आत टाकून खेळ सुरू करताना) सेव्हिआच्या हातून नॉक-ऑन झाला होता, म्हणजे चेंडू हातून पुढे निसटला होता. नॉक-ऑन खरा होता, पण तो ट्रायच्या दोनपेक्षा अधिक फेज, म्हणजे खेळाचे टप्पे, आधी घडला होता आणि तेव्हाच्या कार्यपद्धतीनुसार टीएमओला तितके मागे जाता येत नव्हते. निर्णय वस्तुस्थितीला धरून, पण कार्यपद्धतीबाहेरचा. याच्या नेमके उलट २०१५ मध्ये घडले. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्याच्या शेवटच्या क्षणी पंच क्रेग जूबेर यांनी स्कॉटलंडविरुद्ध ऑफसाइडची पेनल्टी दिली आणि ऑस्ट्रेलिया ३५–३४ असा जिंकला. नंतर वर्ल्ड रग्बीने जाहीर केले की चेंडूला ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सने मुद्दाम हात लावल्यामुळे स्कॉटलंडचा खेळाडू ऑनसाइड झाला होता आणि तिथे स्क्रम (दोन्ही संघांनी एकमेकांना रेटत खेळ पुन्हा सुरू करणे) द्यायला हवा होता. पण अशा निर्णयासाठी टीएमओला विचारण्याची मुभा जूबेर यांना नव्हती. पाहण्यात चूक, कार्यपद्धती मात्र अचूक. दोन्ही प्रसंगांना ‘पंचाने घात केला’ हे एकच लेबल लावले, तर दोन्हींतून काहीच शिकता येत नाही.

मैदानावर मात्र वादाला जागा नाही, आणि हे मी पूर्ण विचारांती म्हणतो. सामन्यादरम्यान वस्तुस्थिती आणि नियम या दोन्हींचा एकमेव निर्णायक पंच असतो, असे सहावा नियम सांगतो, आणि पंचाच्या निर्णयाला खेळाडूंनी आव्हान देऊ नये, असे नववा नियम सांगतो. कर्णधाराने योग्य वेळी, खेळ थांबलेला असताना स्पष्टीकरण विचारणे रूढ आहे आणि चांगला पंच त्याचे स्वागतच करतो. ‘सर, आमच्या सात नंबरने नेमके काय केले? पुन्हा होऊ नये म्हणून विचारतो,’ असे विचारणाऱ्या कर्णधाराला उत्तरही मिळते आणि पुढच्या ‘रक’मध्ये (जमिनीवरील चेंडूसाठीच्या झटापटीत) आपल्या खेळाडूंना काय सांगायचे तेही कळते. हातवारे करत धावून येणाऱ्याला काहीच मिळत नाही, उलट पेनल्टी मात्र विरुद्ध जाऊ शकते. लहान सामन्यांत तर टीएमओ नसतो, पुष्कळदा प्रशिक्षित साहाय्यक पंचही नसतात. तिथे पंच जे पाहतो तेवढेच देऊ शकतो आणि जे त्याने पाहिले नाही ते अंदाजाने देणे हा त्याहून मोठा अन्याय ठरेल.

सामन्यानंतर दारे उघडी असतात. वरच्या पातळीवर सायटिंग कमिशनर असतो. पंचाच्या नजरेतून सुटलेली, लाल कार्डाच्या योग्यतेची कृती तो समितीपुढे नेऊ शकतो. प्रशिक्षक पंचांच्या व्यवस्थापकांकडे चित्रफितींसह खुलासा मागतात. ही दारे सोडून चव्हाट्यावर गेल्याची किंमत २०२१ मध्ये दिसली. दक्षिण आफ्रिकेचे रॅसी इरॅस्मस यांनी लायन्सविरुद्धच्या पहिल्या कसोटीनंतर पंच निक बेरी यांच्या निर्णयांवर तासाभराहून लांब चित्रफीत केली आणि ती सार्वजनिक झाली. त्यांना दोन महिने सर्व रग्बी कामकाजापासून आणि त्यापुढे दीर्घकाळ सामन्याच्या दिवसांच्या कामापासून दूर ठेवण्यात आले. त्या चित्रफितीतले काही आक्षेप अभ्यासू होते हे मान्य करूनही मी ती शिक्षा योग्य मानतो, कारण एका नाव असलेल्या माणसाला जमावाच्या हवाली केल्यावर मुद्द्याची गुणवत्ता उरत नाही. २०२३ च्या अंतिम सामन्यानंतर पंच वेन बार्न्स यांना धमक्या आल्या आणि टीएमओ टॉम फोली यांनी शिवीगाळीमुळे आंतरराष्ट्रीय सामन्यांतून माघार घेतली. कुठल्याही कार्डाच्या वादात कुणाच्या कुटुंबाला ओढणे मला क्षम्य वाटत नाही.

नियमाशीच वाद घालायचा असेल तर आज सर्वांत जिवंत विषय वीस मिनिटांच्या लाल कार्डाचा आहे. यात दोषी खेळाडू परत येत नाही, पण वीस मिनिटांनी बदली खेळाडू आत येऊ शकतो. मुद्दाम केलेल्या हिंसेसाठी पूर्ण लाल कार्ड राखून ठेवलेले आहे. दक्षिण गोलार्धातील सुपर रग्बीत २०२० पासून हा प्रयोग झाला आणि २०२५ मध्ये सिक्स नेशन्स या युरोपातील सहा देशांच्या स्पर्धेनेही तो स्वीकारला. एका खेळाडूच्या क्षणिक चुकीने ऐंशी मिनिटांचा सामना कोलमडू नये, हा समर्थकांचा मुद्दा वजनदार आहे. तरीही मी त्याच्या विरोधात आहे. टॅकलची उंची खेळाडू एकटा ठरवत नाही. आठवडाभर सराव घेणारा प्रशिक्षक ठरवतो. संघाला सोसावी लागणारी किंमत कमी झाली की खाली वाकायला शिकवण्याची निकडही कमी होते. त्यापेक्षा इंग्लंडच्या रग्बी संघटनेने २०२३–२४ च्या हंगामापासून स्थानिक पातळीवर कायदेशीर टॅकलची उंची छातीच्या हाडाच्या तळाशी आणली, ती वाट मला अधिक बरोबर वाटते. धडक होण्याआधीच ती टाळता येते.

शेवटी आपल्या तक्रारीतला जो भाग मला पूर्ण मान्य आहे, तो सांगतो. पंच मैदानावर टीएमओशी बोलतो तेव्हा प्रेक्षकाला प्रत्येक शब्द ऐकू येतो. बंकरमध्ये मात्र तपासनिसाला आठ मिनिटांपर्यंत वेळ मिळतो आणि नंतर फक्त निकाल सांगितला जातो. कोणत्या पायरीवर काय ठरले ते कळत नाही. बंकरने प्रत्येक निकालाबरोबर दोन वाक्यांचे कारण जाहीर करावे: धोका कोणत्या पातळीचा मानला आणि सवलत कशामुळे दिली किंवा नाकारली. गंभीर धडक पाहूनही टीएमओने खेळ थांबवला नाही, तर त्याचेही एक वाक्य नोंदवले जावे. तसे झाले असते तर क्रीलच्या प्रसंगावर आपण आज दोन चित्रे शेजारी ठेवून भांडत बसलो नसतो. कुणीतरी दिलेल्या एका कारणाशी सहमत किंवा असहमत असतो.